सायकल घरी दुरुस्त करायची आहे? ठाण्यातल्या नवख्यांसाठी पायरीपायरीने

सायकलचं डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं हे मला कळलं, तोवर क्रँक (पॅडल ज्यात बसतं तो दांडा) वाया गेला होता. चरईतल्या आमच्या इमारतीत जिन्याखाली बसून मी उजवं पॅडल डावीकडे लावत होतो. ते जड लागायला लागलं म्हणून पान्यावर पाय देऊन दाबलं. थोड्या वेळाने फरशीवर बारीक, चकचकीत, कुरळी साल पडलेली दिसली. पॅडलची दांडी पोलादाची आणि क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळे आटे कोणाचे जाणार हे ठरलेलंच होतं.

सायकल ढकलत स्टेशनकडच्या एका दुकानात नेली. तिथल्या मामांनी क्रँकच्या भोकात बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "दादा, सायकलला एवढा जोर कुठंच लागत नाही. जोर लागला की थांबायचं, हात बाजूला काढायचा आणि बघायचं."

त्यानंतर मी जे काही शिकलो ते या एका वाक्याच्या आधाराने. हा लेख गिअरची साधी सायकल वापरणाऱ्या, येऊर किंवा घोडबंदर रोडला जाणाऱ्या, आणि दर वेळी दुकानावर अवलंबून राहायचं नाही असं ठरवलेल्या नवख्यांसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. पहिल्या वर्षी पैसे वाचतील अशी आशा धरू नका. हत्यारं येतात, एखादी वस्तू आपल्याच हातून बिघडते. माझा खर्च दुसऱ्या पावसाळ्यानंतर कमी झाला. पण गायमुखजवळ पहाटे पंक्चर झाल्यावर वीस मिनिटांत परत निघता येतं, हे सुख पहिल्या वर्षीच मिळतं.

१. पाना हातात घेण्याआधी: कागद आणि फोटो

हे जवळ ठेवा:

- खरेदीचं बिल आणि वॉरंटी कार्ड. काय उघडलं तर वॉरंटी जाते, ते आधी वाचा.
- फ्रेम नंबरचा फोटो. सायकल उलटी केली की बहुतेक वेळा क्रँकच्या खाली, फ्रेमवर कोरलेला सापडतो. चोरीची तक्रार करायची वेळ आली तर हाच उपयोगी पडतो.
- टायरच्या कडेवरच्या आकड्यांचा फोटो.

टायरच्या फोटोला महत्त्व आहे, कारण ट्यूब आणि टायर घेताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. "२८ इंची द्या" म्हटलं की दुकानदार जुन्या काळ्या सायकलची ट्यूब काढेल की नव्या ७००-सीची, याचा भरवसा नाही. दोन्हींना २८ इंची म्हणतात आणि दोन्ही वेगळ्या आहेत. म्हणून टायरवर छापलेली जोडी बघा, उदाहरणार्थ ५०-५५९ किंवा ३७-६२२. दुसरा आकडा रिमच्या मापाचा असतो, मिलिमीटरमध्ये. २६ इंची माउंटन बाइकला ५५९, साडेसत्तावीसला ५८४, ७००-सीला आणि २९ इंचीला ६२२, जुन्या २८ इंची काळ्या सायकलला ६३५. हा आकडा जुळला तरच टायर बसतो.

शेवटचं म्हणजे, जे खोलणार आहात त्याचा खोलण्याआधी दोन बाजूंनी फोटो काढा. वॉशर कुठल्या क्रमाने होते हे अर्ध्या तासाने आठवत नाही.

२. हत्यारं: थोडी घ्या, बरी घ्या

सुरुवातीला एवढं पुरतं:

- अ‍ॅलन कीचा संच. त्यातल्या ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या सारख्या लागतात
- प्लस आणि मायनस स्क्रू ड्रायव्हर
- १५ मिलिमीटरचा पाना, पॅडलसाठी आणि नट असलेल्या चाकांसाठी
- प्लास्टिकचे टायर लिव्हर, दोन किंवा तीन
- पंक्चरचं किट: पॅच, सोल्यूशन, सँडपेपर
- आकडा दाखवणारा हवेचा पंप, आणि सोबत नेण्यासाठी एक लहान पंप
- चेनचं तेल, ग्रीसची डबी, जुने सुती कपडे
- एक फुटाची पोलादी पट्टी

जांभळी नाक्याच्या बाजारात यातलं बरंचसं मिळतं, उरलेलं सायकलच्या दुकानात. अ‍ॅलन की मात्र स्वस्तातली घेऊ नका. मऊ लोखंडाची की बोल्टच्या आत गोल फिरते आणि बोल्टचे कोपरे खाते. मग तो बोल्ट काढणं हेच मोठं काम होऊन बसतं.

चेन कापायचं हत्यार, कॅसेटचा (मागच्या चक्रांच्या संचाचा) पाना, स्पोकची चावी वगैरे आज घेऊ नका. ते काम समोर येईल तेव्हा घ्या.

३. जागा

फ्लॅटमध्ये गॅलरी असेल तर उत्तम. जाड दोरीने सीट ग्रिलला टांगली की मागचं चाक अधांतरी राहतं आणि गिअरचं काम सोपं होतं. दोरीला आधी हाताने चांगला हिसका देऊन बघा. सायकल उलटी करून ठेवली तरी पंक्चर निघतं, पण गिअर लावताना उलट्या सायकलवर डावं-उजवं, वर-खाली सगळं फिरतं आणि नवखा माणूस हमखास चुकतो. खाली जुनी चादर अंथरा. टाइल्सच्या सांध्यात गेलेलं काळं तेल निघत नाही, आणि घरातल्यांची परवानगी पुढच्या वेळीही लागणार असते.

४. पंक्चर

सगळ्यांनी आधी हेच शिकावं, आणि घरी शिकावं. रस्त्यावर पहिला प्रयोग नको.

चाक काढण्याआधी गिअर मागच्या सगळ्यात लहान चक्रावर आणा, म्हणजे चेन सैल होते. रिमचे ब्रेक असतील तर ब्रेकची वायर मोकळी करा. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका. हायड्रॉलिक ब्रेकचे पॅड आतल्या आत चिकटतात आणि मग चाक परत बसत नाही.

उरलेली हवा सोडा. टायरची कड दोन्ही बाजूंनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. एवढं केलं की टायर सैल होतो आणि लिव्हर सहज आत जातो. ही एक कृती सोडली तर तोच टायर दगडासारखा घट्ट वाटतो, आणि मग लोक स्क्रू ड्रायव्हर घालतात. स्क्रू ड्रायव्हरने ट्यूबला दुसरं भोक पडतं.

ट्यूब काढताना ती टायरमध्ये कशी बसली होती ते लक्षात ठेवा. मी टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी ठेवतो. ट्यूबमधलं भोक सापडलं की व्हॉल्व्हपासून तेवढंच अंतर टायरवर मोजायचं आणि नेमक्या त्या जागी शोधायचं.

आता सगळ्यात मोठा सापळा. ट्यूबचं भोक बुजवलं म्हणजे काम झालं असं वाटतं, पण भोक पाडणारी वस्तू टायरमध्येच असते. घोडबंदर रोडवर जड ट्रक चालतात. त्यांच्या टायरमध्ये पोलादी तारा असतात. टायर फाटला की केसासारख्या तारांचे तुकडे रस्त्याच्या कडेला पसरतात, आणि सायकल कडेनेच चालते. माझ्या मागच्या चाकाला आठ दिवसांत तीन पंक्चर झाले. दोन वेळा मी पॅच लावला, एकदा दुकानात. तिन्ही वेळा टायरमधून बोट फिरवलं होतं, काही लागलं नव्हतं. शेवटी मामांनी सांगितलं तसा कापसाचा बोळा आतून हळू फिरवला. एका जागी कापसाचा एक धागा अडकून मागे राहिला. टायर त्या जागी उलटा वाकवला तेव्हा अर्ध्या तांदळाएवढी तार वर आली. ती नेलकटरने धरून ओढली आणि त्या टायरचा त्रास संपला. बोट फिरवू नकाच, तार बोटातही घुसते.

भोक कुठे आहे त्यावरून कारण कळतं:

- बाहेरच्या बाजूला एक भोक: काटा, काच किंवा तार.
- शेजारी शेजारी दोन बारीक चिरा: हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटली. माजिवड्याच्या पुढे पावसाळ्यात हे फार होतं.
- आतल्या, रिमकडच्या बाजूला भोक: रिम टेप (रिमच्या आत स्पोकच्या भोकांवर असते ती पट्टी) सरकली आहे. टेप नीट केली नाही तर नवी ट्यूबही तिथेच फुटेल.

पॅच लावताना घाई हाच शत्रू. भोकाभोवती सँडपेपरने घासा, रबराची चमक गेली पाहिजे. पुसा. पॅचपेक्षा थोड्या मोठ्या भागावर सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि चक्क पाच मिनिटं थांबा. ओलं असतानाच पॅच चिकटवला तर तो संध्याकाळपर्यंत सुटतो. सोल्यूशन सुकून बोटाला फक्त चिकट लागलं की पॅच ठेवून मधून बाहेर दाबत जा.

टायर परत बसवताना ट्यूबमध्ये थोडी हवा भरा म्हणजे तिला पीळ पडत नाही. सुरुवात व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. शेवटचा वीतभर भाग अंगठ्यांनी चढतो. लिव्हर लावावासा वाटला तर थांबा, कड पुन्हा रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबा. शेवटी व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा, खाली ट्यूब अडकली असेल तर सुटते. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं, त्या मर्यादेतच भरा.

५. चेन

ठाण्यात चेन लवकर खराब होते. एका बाजूला खाडी, चार महिने पाऊस, आणि उरलेले महिने बांधकामाची धूळ. दर आठवड्याला कोरड्या फडक्यात चेन धरून पॅडल उलटं फिरवा, फडकं काळं यायचं कमी होईपर्यंत. मग प्रत्येक कडीच्या रोलरवर आतल्या बाजूने तेलाचा एकेक थेंब सोडा. दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. हे शेवटचं पुसणं बहुतेक जण करत नाहीत. तेल रोलरच्या आत हवं. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि ती धूळ सँडपेपरसारखी चेन घासते.

घरात असतं म्हणून खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल घालू नका, ते घट्ट होऊन चिकटतं. डब्ल्यूडी-४० चा साधा स्प्रे पाणी हटवायला आणि गंज सोडवायला चांगला, पण चेनचं वंगण म्हणून तो टिकत नाही. पावसाळ्यात वेट ल्यूब (पाण्यात टिकणारं दाट तेल) वापरा, दिवाळीनंतर ड्राय ल्यूब (धूळ कमी धरणारं).

महिन्यातून एकदा चेन मोजा. पोलादी पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर पिनेचा मध्य येतो, कारण दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. पिनेचा मध्य बाराच्या पुढे एक सोळांश इंच गेला असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेला असेल तर मागची चक्रंही झिजली असण्याची शक्यता मोठी आहे. मी पहिली चेन दोन वर्षं चालवली आणि तिच्यासोबत फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्रांचा संचही बदलावा लागला. नवी चेन झिजलेल्या दातांवर बसत नाही, चढाला जोर दिला की घसरते. येऊरच्या चढावर उभं राहून पॅडल मारताना चेन घसरली तर गुडघा थेट हँडलवर आपटतो.

चेन घेताना मागे किती चक्रं आहेत ते सांगा. ६, ७ आणि ८ साठी साधारण एकच चेन चालते, ९ पासून पुढे वेगवेगळी. नवी चेन जुनीच्या शेजारी ठेवून कड्या मोजूनच कापा.

६. ब्रेक

रिम ब्रेकचं रबर रिमवरच बसलं पाहिजे. टायरला लागलं तर टायर कापतं, रिमच्या खाली गेलं तर स्पोकमध्ये घुसू शकतं. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की बदला. किंचाळत असेल तर रबराची पुढची कड रिमला आधी टेकेल असं थोडं तिरकं लावा.

डिस्कला तेलाचा थेंबही लागू देऊ नका. चेनवर स्प्रे मारताना तो उडून डिस्कवर जातो, म्हणून मी चेनला थेंबाथेंबानेच तेल देतो. केबलच्या डिस्क ब्रेकचं पॅड घासत असेल तर कॅलिपरचे (पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि तसंच धरून बोल्ट आवळा. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं.

ब्रेकला हात लावल्यावर आधी इमारतीच्या आवारात, मग सपाट रस्त्यावर तपासा. येऊरचा उतार ही तपासणीची जागा नाही.

७. गिअर

गिअर बिघडले की सगळ्यांचा हात आधी डिरेलरवरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागावरच्या) दोन बारीक स्क्रूंकडे जातो. त्यांना हात लावू नका. ते स्क्रू चेन दोन्ही टोकांना किती जाऊ शकते ते ठरवतात आणि आपोआप फिरत नाहीत. काल गिअर नीट चालत होते तर दोष दुसरीकडे आहे. आतल्या बाजूचा स्क्रू जास्त सैल झाला तर चेन मोठ्या चक्रावरून उतरून स्पोकमध्ये जाते, डिरेलर मोडतो आणि चाकही जातं.

शोधण्याचा क्रम असा ठेवा.

आधी सायकलच्या मागे बसून बघा. डिरेलरची दोन छोटी चाकं वरच्या चक्राच्या बरोबर खाली, सरळ रेषेत आहेत का? सोसायटीत सायकली एकमेकांना टेकून ठेवतात, कोणी स्कूटर काढताना आपली सायकल उजव्या अंगावर पडते आणि डिरेलर धरणारा हँगर वाकतो. वाकलेल्या हँगरवर मी एक अख्खा रविवार वायर ओढत आणि सोडत घालवला होता. हँगर सरळ करायचं काम दुकानात द्या किंवा तो बदला. तो मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, म्हणजे फ्रेमऐवजी तो वाकावा.

मग वायर बघा. कुठे उसवली आहे का, बाहेरच्या नळीत गंज आहे का? पावसानंतर गिअर जड होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

दोन्ही ठीक असतील तर डिरेलरमध्ये वायर शिरते तिथली गोल बॅरल फिरवा. सगळ्यात लहान चक्रावरून एक क्लिक द्या. चेन दुसऱ्या चक्रावर चढत नसेल तर वायर सैल आहे, बॅरल थोडी बाहेर काढा. थेट तिसऱ्यावर उडी मारत असेल तर थोडी आत घाला. एका वेळी पाव वळसा, मग पॅडल फिरवून ऐका. आवाज बंद झाला की थांबा. नवी वायर टाकल्यावर पहिल्या महिन्यात हे पुन्हा करावं लागतं, नळ्या जागेवर बसत असतात. त्याला बिघाड समजू नका.

८. पॅडल आणि आटे

पॅडलच्या दांडीवर उजव्याला आर आणि डाव्याला एल ही इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात, आधी ती बघा. पाना दांडीवर उभा, मूठ वरच्या बाजूला ठेवून लावलात तर दोन्ही बाजूंना एकच नियम चालतो: मूठ पुढच्या चाकाकडे ढकलली की घट्ट, मागच्या चाकाकडे ढकलली की सैल. घड्याळाची दिशा आठवत बसायला नको.

आट्यांना ग्रीस लावा. पहिले तीन-चार वळसे फक्त बोटांनी द्या. सायकलच्या कुठल्याही बोल्टला हे लागू आहे: बोटांनी जात नसेल तर तो तिरका धरला आहे. काढा, पुसा, पुन्हा धरा.

९. दुकानात काय न्यायचं

चाकाचा आउट काढणं (वाकडं फिरणारं चाक सरळ करणं), बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतात ते बेअरिंग), पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या वरच्या बेअरिंगचे कप, हायड्रॉलिक ब्रेकचं तेल बदलणं. ही कामं मी अजूनही मामांकडेच देतो. हायड्रॉलिकमध्ये काही ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट फ्लुइड. अदलाबदल झाली तर आतले रबरी सील जातात. बॉटम ब्रॅकेटचा उजवा कप नेहमीच्या सायकलींत उलट्या आट्यांचा असतो, तिथेही माझ्या पॅडलसारखंच होतं.

दुकानात सायकल देताना "ओव्हरऑइल करून द्या" एवढंच म्हणू नका. काय आवाज येतो, कधी येतो, चढावर की सपाटीला, ते सांगा. आपण घरी काय काय उघडलं तेही सांगा, लपवू नका. रविवारी गर्दी असते. मधल्या वारी दुपारी गेलात आणि शेजारी उभं राहण्याची परवानगी मागितलीत तर बहुतेक कारागीर मोकळेपणाने दाखवतात. आउट काढताना स्पोकची चावी एका वेळी पाव वळशापेक्षा जास्त फिरवायची नाही, हे मी तिथेच बघून शिकलो.

१०. पावसाळ्याआधी

मे महिन्याच्या शेवटी एक दुपार काढा. चेन मोजा, ब्रेकचं रबर बघा, गिअरच्या वायरच्या नळ्या तपासा. पावसात भिजून आलात की त्याच दिवशी चेन फडक्याने कोरडी करून तेल द्या. सकाळी करू म्हटलं की सकाळी तिच्यावर तांबूस गंज असतो.

आणि सीटचा दांडा बाहेर काढा. चाकावरून उडणारं पाणी फ्रेमच्या नळीत उतरतं आणि दोन पावसाळे न हललेला दांडा आत जाम होऊन बसतो; मग तो दुकानातही तासभर घेतो. दांडा पुसा, नळीच्या आत फडकं फिरवा, ग्रीसचा पातळ थर द्या आणि परत घाला. कार्बनचा दांडा असेल तर ग्रीस नको, त्यासाठी वेगळी पेस्ट मिळते. काढण्याआधी दांड्यावर नळीच्या तोंडाशी इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवा, म्हणजे सीटची उंची परत शोधावी लागणार नाही.